हप्ता संपला, आता ते पैसे कुठे?

कर्ज फिटल्यावर दरमहा मोकळ्या होणाऱ्या रकमेबद्दल विचारणाऱ्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. सरकारी बचत योजनांचे व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी दर पुन्हा एकदा बघून घ्या.

प्रश्न : गृहकर्ज गेल्या महिन्यात फिटलं. २३,४०० रुपयांचा हप्ता जायचा. वय ४२, कारखान्यात नोकरी, पीएफ कापला जातो. पत्नी घर सांभाळते. मुलगा सातवीत, मुलगी नऊ वर्षांची. घरखर्च महिना ४२,०००, बचत खात्यात ९०,०००. आरोग्य विमा फक्त कंपनीचा. बँकेतल्या बाई म्हणतात, वर्षाला एक लाख असे दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षाच्या शेवटी वीस लाख मिळतील, वर विमाही. घेऊ का?
— वाचक, नाशिक

उत्तर : नका घेऊ. कारण आकड्यांत बघा. गुगल शीट किंवा एक्सेलमध्ये एका रकान्यात दहा वर्षांच्या तारखा आणि समोर उणे एक लाख असं लिहा. शेवटच्या ओळीत विसावं वर्ष संपण्याची तारीख आणि अधिक वीस लाख. खाली ‘एक्सआयआरआर’ (XIRR) हे वर्षाचा परतावा काढणारं सूत्र लावा. उत्तर येतं साडेचार टक्के. ‘पैसे दुप्पट’ हे ऐकायला भारी वाटतं, पण दुप्पट व्हायला सरासरी साडेपंधरा वर्षं लागली, हे कोणी सांगत नाही. सही आधीच करून बसला असाल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. पत्र लिहून द्या आणि पोच घ्या.

आता तुमच्या २३,४०० कडे वळू. त्याआधी कर्ज कागदोपत्री संपलंय का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून बघा. ना-हरकत दाखल्याची एक प्रत सोसायटीला द्या, कारण त्यांच्या नोंदवहीत बँकेचा बोजा लिहिलेला असतो. दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोंद झाली असेल तर तीही उतरवायची राहते. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी रद्द करा. दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून त्यात खातं ‘बंद’ दिसतंय का तेवढं बघा.

पहिले सात महिने कुठेही ‘गुंतवणूक’ करू नका. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे २,५२,०००. तुमच्याकडे ९०,००० आहेत, कमी पडतात १,६२,०००. हप्त्याचे पैसे सात महिने जसेच्या तसे बाजूला टाकले की १,६३,८०० होतात. यातले ४०-४५ हजार बचत खात्यात राहू द्या. बाकीच्या रकमेची एकच मोठी मुदत ठेव करू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या चार पावत्या करा. अडचण आली तर एक मोडावी लागेल, मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड तेवढ्या एकाच पावतीला बसेल आणि बाकीच्या तीन चालू राहतील. एक चूक सर्रास होते : काउंटरवर ‘पाच वर्षांची करा’ म्हटलं की कर वाचवणाऱ्या ठेवीची पावती फाडली जाते. ती पाच वर्षं मोडताच येत नाही, त्यामुळे आणीबाणीला ती कुचकामी.

या सात महिन्यांत एक काम मात्र लगेच करा. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत सुकन्या समृद्धी खातं उघडावं लागतं, वाढदिवस उलटला की दार बंद. आज २५० रुपये भरून खातं उघडून ठेवा, मोठी रक्कम नंतर सुरू करा.

मग विमा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो आणि नोकरी पन्नाशीत गेली तर तोवर नवी पॉलिसी महाग झालेली असते आणि आजार आधीच जडलेले असतात. म्हणून नोकरी आहे तोवरच घरच्या चौघांची स्वतःची पाच लाखांची मूळ पॉलिसी घ्या. तिच्यावर पाच लाख वजावटीचं सुपर टॉप-अप जोडा, म्हणजे वर्षाचं बिल पाच लाखांच्या पुढे गेल्यावर ते लागू होतं. सगळी रक्कम एकाच पॉलिसीत घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही, पण ती तीन वर्षं मोजायला सुरुवात पॉलिसी घेतल्यावरच होते. बीपी, शुगर फॉर्मवर लिहा. लपवलेलं दाव्याच्या वेळी निघतं. याशिवाय साधा मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारी टर्म पॉलिसी. ४२,००० खर्चाच्या घराला पंधरा वर्षांचा खर्च धरला तरी ७५ लाख होतात, तेवढा तरी हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हे एजंटच्या कोटेशनमध्ये तपासा. या हप्त्यांसाठी महिना ३,४०० रुपये धरतो. आकडा तुमच्या तब्येतीप्रमाणे हलेल.

उरतात २०,०००. ते कुठल्या वर्षी लागणार यावरून विभागायचे, व्याजदरावरून नाही.

मुलाचं कॉलेज साडेपाच-सहा वर्षांवर आहे. हे पैसे शेअर बाजारात नकोत. जानेवारी २०२० च्या शिखरावरून निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक, दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के उतरला होता आणि २००८ मध्ये तर जानेवारी ते ऑक्टोबर सुमारे ६० टक्के. अशा वर्षी कॉलेजची फी भरायची वेळ आली तर? म्हणून ७,००० ची पोस्टाची पाच वर्षांची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायची आवर्ती ठेव. ६.७ टक्के दराने ४,२०,००० भरून ४ लाख ९९ हजारांच्या वर मिळतात, व्याज मात्र करपात्र आहे. महिन्याच्या १५ तारखेच्या आत खातं उघडलं तर पुढचे हप्तेही १५ च्या आत लागतात. चुकला तर शंभराला एक रुपया दंड. तीन वर्षांनंतर आरडी बंद करता येते, पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केली तरी पोस्टाच्या बचत खात्याचा ४ टक्के दरच मिळतो. मधेच लागले तर भरलेल्याच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ते घ्या. खातं बंद करू नका.

मुलीसाठी सुकन्येत ५,०००. दर ८.२ टक्के, व्याज करमुक्त. दर असाच राहिला तर नऊ वर्षं भरून पावणेआठ-आठ लाख जमतील. पण अठराव्या वर्षी शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मेच काढता येतात, म्हणजे चारएक लाख. बाकीचे खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी किंवा अठरा पूर्ण झाल्यावर लग्नाच्या वेळी. सुकन्येवर सगळं शिक्षण होईल असं समजून बसू नका.

राहिलेले ८,००० तुमच्या म्हातारपणाचे. सात महिन्यांनी सुरुवात केलीत तर साठीला सतराएक वर्षं उरतात आणि पीएफच्या रूपाने सुरक्षित बाजू आधीच भरते आहे, त्यामुळे ही रक्कम निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडात (त्याच पन्नास कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरलेल्या हप्त्याने, टाकायला हरकत नाही. एकूण १६ लाख ३२ हजार भरले जातील. सरासरी ८ टक्के पडले तर साडेचौतीस लाख, १० पडले तर साडेबेचाळीस. हमी कशाचीच नाही. फंड घेताना ‘डायरेक्ट’ पर्याय निवडा. ‘रेग्युलर’मध्ये विकणाऱ्याचं कमिशन दरवर्षी कापलं जातं. फरक एक टक्क्याचा असेल तर आज तो नगण्य वाटतो, पण रक्कम चाळीस लाखांची झाली की तो वर्षाला ४०,००० असतो. वर्षभरानंतर विकल्यास वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के. साठीच्या आधी तीन-चार वर्षांपासून थोडं थोडं काढून ठेवीत वळवत जा, सगळं शेवटच्या दिवशी नको.

आता तारीख. गृहकर्जाचा हप्ता ज्या तारखेला जायचा त्या तारखेच्या आधीच हे सगळे पैसे खात्यातून निघू द्या. पगार १ ला होत असेल तर ३ तारीख लावा. दोन महिने पैसे खात्यात पडून राहिले की घरात नवा फ्रिज येतो.

प्रश्न : गावच्या पतसंस्थेत ठेवीवर साडेदहा टक्के मिळतात, राष्ट्रीयीकृत बँकेत सात. संचालक ओळखीचे आहेत. ट्रॅक्टरचं कर्ज संपलं, महिना १२,००० उरतात. सगळे पतसंस्थेत टाकले तर?
— वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं : एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. शाखा कितीही असोत, रक्कम एकत्रच धरतात. नागरी सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नसतो. पाटीवर ‘को-ऑप. क्रेडिट सोसायटी’ असेल तर ती बँक नव्हे.

लाखामागे वर्षाला ३,५०० जास्त मिळतात आणि त्यासाठी पूर्ण लाख पणाला लागतो. सौदा असा आहे. ओळखीचे संचालक चांगले असतीलही, पण संस्था बुडते ती न फिटलेल्या कर्जांमुळे, आणि तीही बहुधा ओळखीतच दिलेली असतात. अहवालातलं थकबाकीचं पान मागून वाचा. लेखापरीक्षणाचा ‘अ’ वर्ग हा मागच्या वर्षाचा दाखला असतो, पुढच्याची हमी नाही.

सहकारी बँकेतही पाच लाखांच्या पुढे जाऊ नका, व्याजाला जागा ठेवून साडेचार लाखांवर थांबा. विमा आहे म्हणून पैसे लगेच मिळतात असंही नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. पण ते तीन महिनेही काढावे लागतात, म्हणून आणीबाणीचे पैसे दोन बँकांत विभागून ठेवा. पतसंस्थेत टाकायचेच असतील तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच.

प्रश्न : वाहनकर्ज संपलं, महिना १२,५०० पीपीएफमध्ये टाकायचा विचार आहे. पण नवीन करप्रणाली घेतल्यावर वजावट मिळत नाही. मग पीपीएफला अर्थ उरतो का?
— वाचक, ठाणे

उत्तर : पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निधी) भरताना सवलत नाही, पण व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे. ७.१ टक्के दर एप्रिल २०२० पासून आहे. तुमचं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकर धरून मुदत ठेवीवर १०.३ टक्के मिळाले तरच बरोबरी होईल, आणि असा दर चांगली बँक देत नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात ही बरोबरी जवळपास ९ टक्क्यांना होते. कर लागतच नसेल तर मात्र पीपीएफ आणि चांगली ठेव यांत फारसा फरक नाही, आणि पंधरा वर्षं पैसे अडकवण्याआधी विचार करावा. नोकरीत पीएफ असेल तर आधी स्वेच्छा भविष्य निधीचा, म्हणजे पीएफमध्ये स्वतःहून जास्त रक्कम कापून घेण्याचा, विचार करा. २०२४-२५ साठी पीएफचा दर ८.२५ टक्के होता. फक्त तुमचं स्वतःचं वर्षाचं योगदान अडीच लाखांच्या आत ठेवा, त्यावरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं.

पीपीएफमध्ये लोक दरावर वाद घालतात आणि तारखेकडे दुर्लक्ष करतात. महिन्याच्या ५ तारखेच्या शेवटापासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज लागतं. १२,५०० रुपये ६ तारखेला जमा झाले तर त्या महिन्याचे ७४ रुपये गेले. वर्षभर असंच केलं तर ८८८, आणि पुढच्या वर्षांत त्यावरचं व्याजही. चेक टाकला तर जमा झाल्याची तारीख धरतात, टाकल्याची नाही. एकरकमी दीड लाख १ ते ५ एप्रिलमध्ये भरता आले तर त्या वर्षाचं व्याज १०,६५०. दरमहा वेळेवर भरले तर ५,७६९. म्हणून यंदा महिन्याला भरा आणि शक्य झालं तर पुढच्या मार्चपर्यंत वेगळी रक्कम साठवून एप्रिलला एकदम टाका.

मुलाच्या नावाचं खातं तुम्ही चालवत असाल तर दोन्ही मिळून मर्यादा दीड लाखच. जास्त भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. एखादं वर्ष ५०० रुपयेही भरले नाहीत तर खातं बंद पडतं, चालू करायला दर वर्षामागे ५० रुपये दंड आणि राहिलेले ५०० भरावे लागतात.

प्रश्न : आमची वीस जणींची ५,००० ची भिशी आहे, चिठ्ठी टाकून नंबर काढतात. आता कर्ज नाही तर दुसरी पण भिशी लावू का?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : भिशीत व्याज नसतं, नंबर असतो. पहिला लागला तर तुम्हाला एक लाख बिनव्याजी मिळाले, विसावा लागला तर तुम्ही एकोणीस जणींना बिनव्याजी दिलेत. तेच ५,००० साडेसहा टक्क्यांच्या आरडीत वीस महिने टाकले तर साधारण ५,७०० रुपये व्याज होतं. मैत्रिणींसाठी एक भिशी चालू राहू दे. चहापोह्यांसह तिची किंमत तेवढी आहेच. दुसरी नको. आणि लिलावाची भिशी असेल, जिथे जी जास्त सोडेल तिला आधी रक्कम, तर आधी उचलणारी पुढचे हप्ते भरेल याची लेखी हमी कोण घेतं ते विचारा.

प्रश्न : पाइपलाइनचं कर्ज फेडलं. दोन एकर द्राक्ष, दोन एकर ऊस. आता पीककर्जही बंद करून कर्जमुक्त व्हावं म्हणतो. उरलेले पैसे एसआयपीत टाकायला मुलगा सांगतो.
— वाचक, तासगाव

उत्तर : पीककर्ज बंद करू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. औषधं, मजुरी, छाटणीचा खर्च त्यातून भागतो आणि स्वतःचे पैसे ठेवीत राहतात. अट एकच, तारीख चुकवायची नाही. म्हणून फेडीची रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा आणि तिची मुदत फेडीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी संपेल अशी पावती करा.

मासिक एसआयपी तुमच्या उत्पन्नाला बसत नाही. द्राक्षाचे पैसे एकदा येतात, उसाचे बिलही कारखान्याच्या सोयीने. जूनमध्ये खातं रिकामं असताना हप्ता परत गेला की बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते परत गेले की ती रद्द होते. त्यापेक्षा माल विकल्यावर आधी पुढच्या पूर्ण हंगामाचा खर्च आणि वर्षाचा घरखर्च ठेवीत टाका. द्राक्षाला एक हंगाम गारपीट किंवा डाऊनी रोग खाऊन जातो, म्हणून नोकरदाराला सहा महिने पुरतात तिथे तुम्हाला वर्ष धरावं लागतं. त्याच्या वर जे राहील ते लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांचा म्युच्युअल फंड) ठेवून दरमहा ठरलेली रक्कम इंडेक्स फंडात वळवण्याची सूचना एकदाच देता येते, त्याला एसटीपी म्हणतात. पैसे आधीच फंडात असल्याने हप्ता परत जाण्याचा प्रश्न येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ठेवीचं व्याज करमुक्त नाही, एवढं मुलाला सांगा.

पाइपलाइनच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावरून आपोआप जात नाही. बँकेकडून निरंक दाखला (थकबाकी नाही असा) घ्या, सही-शिक्क्यासह, त्यात गट नंबर आणि फेरफार क्रमांक लिहून घ्या. तो नसला की अर्ज परत येतो. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज करा. फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. त्यानंतर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा ताजा उतारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकान्यात त्या बँकेचं नाव राहिलंय का ते वाचा. पीककर्जाचा बोजा तिथे दिसेल, तो राहणारच.